उच्च व सर्वोच्च न्यायालये, भारतातील
भारतातील घटक राज्ये व संघराज्य या दोन पातळ्यांवरील सर्वश्रेष्ठ न्यायसंस्था. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत घटक राज्यांची व संघराज्याची न्यायालये परस्परांहून स्वतंत्र असतात. भारतात मात्र तालुक्याच्या न्यायालयापासून दिल्लीपर्यंत एकच श्रेणीबद्ध व्यवस्था आहे.

उगम : एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई इलाख्यात न्यायव्यवस्था दुहेरी होती. मुंबई शहरासाठी ब्रिटिश राजसत्तेच्या सनदेने स्थापिलेले सुप्रीम कोर्ट १८२४ मध्ये सुरू झाले. अहमदनगरसारख्या जिल्ह्यांतील दिवाणी अपिले कंपनी सरकारच्या सदर दिवाणी अदालतीकडे जात. १८६१ च्या अधिनियमान्वये या न्यायालयांचे एकत्रीकरण झाले व १४ ऑगस्ट १८६२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे कामकाज सुरू झाले. त्यावरील अपिले लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जात. १९३७ मध्ये मर्यादित अधिकारितेचे फेडरल न्यायालय स्थापन झाले. प्रिव्ही कौन्सिलची अधिकारिता १९४९ मध्ये संपुष्टात आली आणि २६ जानेवारी १९५० पासून सर्वोच्च न्यायालय अस्तित्वात आले. मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश हरिलाल कणिया हे त्याचे पहिले सरन्यायाधीश होत.

कार्य : उच्च न्यायालय अपिले ऐकते, दुय्यम न्यायालयांवर देखरेख ठेवते (अनुच्छेद २२७) व प्राधिलेख काढते. अनुच्छेद ३२ खालील सर्वोच्च न्यायालयाचा प्राधिलेखाधिकार मूलभूत हक्कांपुरता आहे. अनुच्छेद २२६ खालील उच्च न्यायालयाचा अधिकार इतर कायदेशीर हक्कांनाही लागू असल्याने अधिक व्यापक आहे. केंद्र व राज्ये यांमधील तंटे मात्र केवळ सर्वोच्च न्यायालयापुढे चालतात आणि त्याने घोषित केलेला कायदा सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो (अनुच्छेद १४१).

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा १९८१ मध्ये सुरू झालेल्या औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) खंडपीठाच्या कक्षेत येतो. याच जिल्ह्यातील शनिशिंगणापूर येथे स्त्रियांना चौथऱ्यावर प्रवेश नव्हता. त्याविरुद्ध मुंबईत दाखल झालेल्या जनहित याचिकेवर उच्च न्यायालयाने एप्रिल २०१६ मध्ये १९५६ च्या पूजास्थळ प्रवेशविषयक अधिनियमाची अंमलबजावणी करणे शासनाचे कर्तव्य असल्याचे स्पष्ट केले. त्यानंतर त्याच महिन्यात चौथरा स्त्रियांना खुला झाला.

मर्यादा : सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय अंतिम असला, तरी तो निर्दोष असतोच असे नाही. आणीबाणीत स्थानबद्धांना बंदिप्रत्यक्षीकरणासाठी दाद मागता येते, असे मुंबईसह अनेक उच्च न्यायालयांनी ठरविले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये बहुमताने ते अमान्य केले. मात्र २०१७ मध्ये त्यानेच तो निर्णय चुकीचा ठरवून रद्द केला. व्यक्तिस्वातंत्र्याच्या रक्षणासाठी दोन्ही पातळ्यांवरील न्यायालये स्वतंत्र बाण्याची असणे किती आवश्यक आहे, हे त्यावरून दिसून येते.