विमानतळावर नोकरी लागली, पण गेट उघडतो तो पासच!

बेळगाव : सांबरा विमानतळाच्या नव्या टर्मिनलची पायाभरणी मार्च २०२४ मध्ये झाली. तिकडे गोव्यात मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू आहे आणि दाबोळी तर आहेच. त्यामुळे बेळगाव, खानापूर, चंदगड, सावंतवाडी या पट्ट्यातल्या पोरांना विमानतळावरची नोकरी आता मुंबई-बेंगळूरइतकी लांबची वाटत नाही. सामान चढवणारे लोडर, सफाई कामगार, चेक-इन काउंटरवरच्या मुली, कार्गोतले कारकून, खाण्याच्या स्टॉलवरची पोरं अशी नाना कामे तिथे असतात.

नेमणुकीचे पत्र हातात पडले की घरच्यांना वाटते, झाले काम. पेढेही वाटून होतात. खरे तर त्या पत्रावर विमानतळाच्या आत एक पाऊलही टाकता येत नाही. आत नेतो तो पास. या पासाला एअरपोर्ट एन्ट्री परमिट म्हणतात, कामगारांच्या तोंडी 'एईपी'. तो मिळायला वेळ लागतो, कधी अडतो, कधी नाकारलाही जातो. आणि याच अडचणीचा फायदा घेऊन पोरांना फसवणारे एजंटही फिरत असतात. म्हणून हा पास म्हणजे नेमके काय, तो एवढा कडक का आणि त्यात सीमाभागातल्या पोरांचे घोडे कुठे अडते, हे समजून घेतलेले बरे.

भिंत एक, दारे अनेक

विमानतळाचे ढोबळ दोन भाग असतात. एक सिटी साइड, म्हणजे गाड्या लावायची जागा, रस्ता, टर्मिनलच्या बाहेरचा फुटपाथ. इथे कोणीही येऊ शकतो. दुसरा एअर साइड, म्हणजे धावपट्टी, विमाने उभी करायचा एप्रन, सामान चढवायची जागा. या दोन्हींच्या मधे टर्मिनल. टर्मिनलच्या पोटातही पुन्हा कप्पे आहेत. चेक-इनचा हॉल वेगळा आणि झडती झाल्यानंतर प्रवासी बसतात तो सिक्युरिटी होल्ड एरिया वेगळा. बॅगा पट्ट्यावरून उतरून जिथे गाड्यांवर लादल्या जातात ती जागा प्रवाशांना कधी दिसतच नाही.

प्रत्येक कप्प्याला वेगळी परवानगी लागते. पासवर फोटो, नाव, कंपनीचे नाव आणि मुदत असते. त्याबरोबर काही अक्षरे छापलेली असतात. तो माणूस कुठल्या कप्प्यात जाऊ शकतो हे त्या अक्षरांवरून कळते. गेटवरचा जवान चेहऱ्यानंतर आधी तीच बघतो. चेक-इन काउंटरवर बसणाऱ्या मुलीला विमानापाशी जायचे काम नसेल तर एप्रनचे अक्षर तिच्या पासवर नसते. ती तिथे सापडली तर 'मी इथलीच स्टाफ आहे' हे कारण चालत नाही. ज्याचे जिथे काम, तिथलाच पास, एवढे साधे सूत्र आहे. मॅनेजर आहे म्हणून सगळी अक्षरे मिळत नाहीत. मान मोठा असला तरी पास कामापुरताच असतो.

हे नियम ठरवण्याचे काम नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोचे, म्हणजे बीसीएएसचे. या संस्थेचा जन्मच एका अपहरणातून झाला. १० सप्टेंबर १९७६ रोजी इंडियन एअरलाइन्सचे विमान दिल्लीहून पळवून लाहोरला नेले गेले. त्यानंतर नेमलेल्या समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये डीजीसीएच्या अंतर्गत हा कक्ष सुरू झाला. जून १९८५ मध्ये एअर इंडियाच्या कनिष्क विमानात बॉम्बस्फोट होऊन ३२९ जण मेले. त्यानंतर १ एप्रिल १९८७ पासून बीसीएएस स्वतंत्र खाते झाले. गेटवर प्रत्यक्ष उभे राहतात ते मोठ्या विमानतळांवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे, म्हणजे सीआयएसएफचे जवान, तर काही लहान विमानतळांवर राज्य पोलीस. डिसेंबर १९९९ च्या कंदाहार प्रकरणानंतर फेब्रुवारी २००० मध्ये सीआयएसएफने पहिल्यांदा जयपूर विमानतळाची सुरक्षा हाती घेतली आणि मग एकेक करत इतर विमानतळ त्यांच्याकडे आले.

गोव्याच्या दाबोळीत आणखी एक पदर आहे. ती धावपट्टी नौदलाच्या आयएनएस हंसा तळाची. प्रवासी विमानतळ हा त्या तळावरचा एक भाग. ग्वाल्हेरला हवाई दलाच्या महाराजपूर तळावरही असेच आहे. अशा ठिकाणी कुंपणापलीकडे लष्करी जागा असल्याने डोळे जास्तच वटारलेले असतात. सांबऱ्यातही विमानतळाला लागूनच हवाई दलाचे एअरमेन ट्रेनिंग स्कूल आहे, हे बेळगावकरांना सांगायला नको.

नोकरी गेली, पास राहिला

एवढा काच कशाला, असे नव्या पोरांना वाटते. रोज तोच जवान, रोज तोच चेहरा, तरी रोज पास दाखवायचा आणि रोज झडती द्यायची. याचे उत्तर अमेरिकेतल्या एका अपघातात आहे. अपघात कसला, खूनच तो.

७ डिसेंबर १९८७ रोजी पॅसिफिक साउथवेस्ट एअरलाइन्सचे १७७१ क्रमांकाचे विमान लॉस एंजेलिसहून सॅन फ्रान्सिस्कोला निघाले. ही कंपनी त्याच वर्षी यूएसएअरने विकत घेतली होती. यूएसएअरच्या एका कर्मचाऱ्याला विमानातल्या विक्रीचे थोडेसे पैसे चोरल्यावरून नुकतेच काढून टाकले होते. त्याला काढणारा साहेब त्या विमानाने प्रवास करत होता. काढलेला माणूसही त्याच विमानात चढला, आणि त्याच्याजवळ पिस्तूल होते. ते आत गेले कसे? नोकरी गेली तरी त्याचे ओळखपत्र कोणी काढून घेतले नव्हते. त्या काळी ओळखीच्या स्टाफला ओळखपत्र दाखवून झडतीच्या बाजूने जाता येत असे. त्याने हवेत साहेबावर आणि वैमानिकांवर गोळ्या झाडल्या. विमान डोंगरउतारावर कोसळले आणि आतले सगळेच्या सगळे ४३ जण गेले.

त्यानंतर अमेरिकेत दोन गोष्टी सक्तीच्या झाल्या. स्टाफलाही प्रवाशांसारखीच झडती, आणि नोकरी संपताक्षणी ओळखपत्र जप्त. आज आपल्याकडे राजीनामा दिला की कंपनी पगाराच्या हिशेबाआधी पास मागते ते उगीच नाही. तो पास कामगाराचा नसतोच, देणाऱ्या कार्यालयाचा असतो. हरवला तर पोलिसांत तक्रार आणि कार्यालयाला तातडीने खबर, दोन्ही करावे लागते. 'उद्या सापडेल' म्हणून गप्प बसणे महागात पडते, कारण तोवर तो कुणाच्याही हाती असू शकतो. नुसता फोटो बघून फसगत होऊ नये म्हणूनच पासाला बोटाच्या ठशाची जोड देण्यावर अलीकडे भर आहे.

पण पास खरा आणि माणूसही खरा असला तरी सगळे भागते असे नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये सोमालियाच्या मोगादिशूहून उडालेल्या डालो एअरलाइन्सच्या विमानात स्फोट होऊन बाजूला भगदाड पडले. विमान सुखरूप उतरले, संशयित हल्लेखोर मात्र मेला. नंतर सीसीटीव्हीत दिसले की, त्या प्रवाशाच्या हाती लॅपटॉप दिला होता तो विमानतळावर काम करणाऱ्या दोघांनी. ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेतल्या सिअॅटल विमानतळावर तर सामान आणि विमान हलवण्याचे काम करणाऱ्या एका कामगाराने रिकामे विमानच उडवून नेले आणि ते एका बेटावर कोसळून तो मेला. त्याचा पास वैध होता. जिथे त्याला जायची परवानगी होती तिथेच तो गेला होता. अशा वेळी गेटवरचा जवान काय करणार? म्हणून एकट्याने विमानापाशी घुटमळणाऱ्याला टोकणे, आपल्यामागून दारातून कोणी घुसत असेल तर दार ओढून घेऊन 'तुमचा पास दाखवा' म्हणणे हेही पासधारकाच्या कामात येते. आपल्याकडे मागून येणाऱ्याला दार धरून ठेवणे हा चांगुलपणा समजतात. विमानतळावर ती चूक ठरते, आणि नव्या पोरांना ही सवय मोडायलाच सगळ्यात जड जाते. पासाआधी जे विमान सुरक्षेचे छोटे प्रशिक्षण घ्यावे लागते, त्यात हे शिकवतात.

सीमाभागाची अडचण

पासाच्या अर्जातला सगळ्यात वेळखाऊ टप्पा म्हणजे पोलीस व्हेरिफिकेशन. अर्जदार कोण, राहतो कुठे, त्याच्यावर गुन्हे आहेत का, याचा अहवाल पोलिसांकडून येतो. एरवी ही सरळ गोष्ट. पण खानापूरचे पोरगे मोपाला लागले की घर कर्नाटकात, खोली पेडण्यात, शाळेचा दाखला मराठी माध्यमाचा आणि आधार कार्ड कन्नड-इंग्रजीत, असा मामला होतो. दाखल्यावर वडिलांचे नाव पूर्ण, दुसऱ्या कागदावर नुसते आद्याक्षर. एका कागदावर 'बेलगाम', दुसऱ्यावर 'बेळगावी', कारण १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारदप्तरी शहराचे नाव बदलले. आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग तर दर कागदागणिक वेगळे. आपल्याला यात काही वावगे दिसत नाही, आपण जन्मभर तेच बघत आलो. पण अर्ज तपासणाऱ्याच्या टेबलावर ही दोन वेगळी माणसे ठरू शकतात. त्यामुळे नोकरीच्या मुलाखतीला जाण्याआधीच सगळे कागद एका नावावर आणून ठेवणे शहाणपणाचे. अर्ज अडकल्यावर धावपळ करण्यात महिने जातात आणि कंपनी तेवढी थांबेलच असे नाही.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. मोर्चात, काळ्या दिनाच्या फेरीत किंवा गणपतीच्या मिरवणुकीतल्या बाचाबाचीत नाव येऊन गुन्हा दाखल झालेली पोरे या भागात कमी नाहीत. 'तो राजकीय गुन्हा आहे, नोकरीला काय आडवा येतोय' असे कार्यकर्ते सांगतात. पोलिसांच्या अहवालात मात्र प्रलंबित गुन्हा हा गुन्हा म्हणूनच येतो. त्यावर काय ठरवायचे ते पास देणारे कार्यालय ठरवते. अर्जात तो लपवला आणि अहवालात निघाला, तर मूळ गुन्ह्यापेक्षा लपवाछपवीच जास्त अंगाशी येते. खटला निकाली निघाला असेल तर निकालाची प्रत जवळ ठेवावी. पोरांना पुढे करणाऱ्या पुढाऱ्यांनीही कोर्टाच्या तारखांचा पाठपुरावा केला तर बरे होईल, पण तो वेगळा विषय.

सोडायला आलेल्यांचे काय?

कामगारांचे झाले, आता घरच्यांचे. सुट्टी संपवून ड्युटीवर निघालेल्या जवानाला किंवा पहिल्यांदा आखाताला चाललेल्या लेकाला सोडायला अख्खे घर जीप करून विमानतळावर येते. दारातच त्यांना थांबवले की वाद होतो. तिकीट आणि ओळखपत्र दोन्ही असेल त्यालाच आत सोडतात. काही विमानतळांवर पैसे भरून भेटीचा पास मिळतो, पण १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या आसपास तोही बंद ठेवतात. काही जण मग मोबाईलवर जुन्या तिकिटाची तारीख बदलून किंवा रद्द केलेले तिकीट दाखवून आत जातात. लेकाला दोन मिनिटे जास्त बघायला मिळावे एवढाच हेतू असतो. पण मोठ्या विमानतळांवर अशांना पकडून पोलिसांच्या ताब्यात दिल्याच्या बातम्या वरचेवर येतात. मायेपोटी केले तरी खोटा कागद दाखवून आत शिरणे हा गुन्हाच. त्यापेक्षा निरोप बाहेरच घ्यावा.

राहिली भिंत. भिंत ओलांडून आत शिरणे सोपे नाही, पण अशक्यही नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये काबूलहून दिल्लीला उतरलेल्या विमानाच्या चाकांच्या खोबणीत १३ वर्षांचा मुलगा लपून आलेला सापडला. अशा प्रवासात थंडीने आणि हवेच्या कमतरतेने बहुतेक जण मरतात, तो नशिबाने वाचला. मुलाच्या जागी बॉम्ब असता तर, हा विचार तेव्हा अनेक सुरक्षा अधिकाऱ्यांच्या मनात आला असणार.

पास 'काढून देणारे'

आता एजंटांकडे येऊ. 'विमानतळावर भरती, दहावी पास, त्वरित जॉइनिंग' अशा जाहिराती व्हॉट्सअॅपवर फिरतात. फोन केला की आधी फॉर्मचे पैसे, मग युनिफॉर्मचे, मग ट्रेनिंगचे आणि शेवटी 'गेट पास'चे पैसे मागतात. काहींना प्लास्टिकचे चकचकीत ओळखपत्रही पोस्टाने येते. पोरगे ते गळ्यात अडकवून गेटवर जाते तेव्हा कळते.

इथे एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. पासासाठी अर्ज उमेदवार स्वतः करत नाही, त्याच्या वतीने एजंटही करत नाही. विमानतळावर काम करायची परवानगी असलेली कंपनीच आपल्या माणसासाठी तो अर्ज करते. म्हणजे आधी खरी नोकरी आणि मग पास. नोकरीआधी पास 'काढून देतो' म्हणणारा माणूस जी गोष्ट विकतोय ती त्याच्याकडे असूच शकत नाही. व्हेरिफिकेशन 'मॅनेज करतो' म्हणणाराही त्याच माळेतला. शंका आली तर जाहिरातीतल्या नंबरवर नव्हे, कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवरच्या नंबरवर फोन करावा किंवा सरळ विमानतळाच्या कार्यालयात जाऊन विचारावे. पैसे आधीच ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार नोंदवावी. जितक्या लवकर फोन होईल, तितकी पैसे खात्यात गोठवले जाण्याची शक्यता जास्त.