पणाला लावलेली राजकन्या

१९९० च्या दशकात ज्या कारकुनांनी, शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी संगणक प्रथम हाताळला, त्यांच्यापैकी अनेकांची त्या यंत्राशी खरी मैत्री हिशेबाच्या तक्त्यांनी नव्हे, तर ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या खेळाने करून दिली. साहेब जेवावयास गेले की पडद्यावर पांढऱ्या कपड्यांतला राजपुत्र तळघरातून धावू लागे. दुष्ट वजीर जाफरने कोंडलेल्या राजकन्येला साठ मिनिटांच्या आत सोडवावयाचे, एवढेच त्याचे कथानक. जॉर्डन मेक्नर या अमेरिकन तरुणाने १९८९ मध्ये सिद्ध केलेल्या या खेळात राजपुत्राचे धावणे, उडी मारणे, कठड्याला लोंबकळणे इतके जिवंत होते की पाहणारा थक्क होई. राजकन्या मात्र वाळूच्या घड्याळाशेजारी वाट पाहत राही. साऱ्या खेळात तिच्या हातून घडणारी लक्षात राहण्याजोगी कृती एकच: ती एकदा एका उंदराला राजपुत्राच्या मदतीस धाडते!

ही काही एकट्या मेक्नरची कल्पना नव्हे. १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये माकडाने पळविलेली तरुणी होती, १९८५ च्या ‘सुपर मारिओ’मध्ये राजकन्या होती, आणि एकेक किल्ला जिंकून आत जावे तो ती दुसऱ्याच किल्ल्यात असल्याचे कळे. टीव्हीला जोडावयाच्या स्वस्त यंत्रांतून हा मारिओ आपल्याकडील मध्यमवर्गीय घरांतही पोहोचला. मराठीत ‘पण’ या शब्दाला पैज आणि पैजेत लावलेली वस्तू असे दोन्ही अर्थ आहेत. आपल्या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध खेळ म्हणजे हस्तिनापुरातील द्यूत, आणि त्यात द्रौपदी खेळावयास बसलेली नव्हती. ती पणाला लागली होती. व्हिडिओ गेमने स्त्रीला दिलेली पहिली जागा हीच होती. तेव्हा हे पाश्चात्त्यांचे पाप असे म्हणून हात झटकण्याची सोय आपल्याला नाही.

पुढे स्त्री खेळात उतरली, पण ती कशी? १९८६ च्या ‘मेट्रॉइड’ या जपानी खेळाचा नायक आपादमस्तक चिलखतात असतो. खेळ पुरा केल्यावर कळते की आत सॅमस ॲरन नावाची स्त्री आहे. कल्पना खरोखर नामी होती. परंतु खेळ जितक्या कमी वेळात संपवावा तितके तिच्या अंगावरचे कपडे कमी होत जात, अशी योजनाही त्यातच होती. म्हणजे जिने सारे राक्षस मारले तीच अखेरीस खेळणाऱ्याचे बक्षीस झाली. १९९६ मध्ये इंग्लंडमधील डर्बी येथील एका संस्थेने ‘टूम रेडर’ काढला आणि लारा क्रॉफ्ट ही पुरातत्त्वाचा नाद असलेली, कोणाच्याही मदतीवाचून विहार करणारी नायिका जगाला दिली. तिचे साहस अस्सल होते; जाहिरातींनी मात्र साहस बाजूला ठेवून तिचा देहच विकला.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. खेळांतील पुरुष तरी कोठे वास्तव असतात? त्यांचे दंडही मांड्यांएवढे असतात. मग तक्रार एकट्या स्त्रीचीच का? आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. वस्तुतः पुरुषाच्या देहाची अतिशयोक्ती ही सामर्थ्याची असते. आपण असे असावे, असे खेळणाऱ्याला वाटावे म्हणून ती केलेली असते. स्त्रीच्या देहाची अतिशयोक्ती ही आपल्याला असे पाहावयास मिळावे म्हणून असते. युद्धावर निघालेल्या योद्ध्याचे पोट चिलखताने झाकावे आणि त्याच युद्धातील स्त्रीचे पोट उघडे ठेवावे, याचे कारण युद्धशास्त्रात सापडणार नाही.

ते अर्थशास्त्रात सापडते. प्रस्तुत लेखकाचा तो व्यवसाय असल्याने येथे थोडे थांबणे भाग आहे. उत्पादक म्हणतो, गिऱ्हाईक मागते ते मी देतो. पण गिऱ्हाईक म्हणजे कोण, हे त्याला कळते ते आपल्या विक्रीच्या वहीवरून. दुकानाच्या पायरीवरून परत गेलेल्या माणसाची नोंद त्या वहीत होत नाही. मुलांसाठी बनविलेला खेळ मुलांनी घेतला. वहीत मुलेच दिसली. म्हणून पुढचाही खेळ मुलांसाठी बनला. आणि मग या चक्राला ‘बाजाराचा कौल’ असे नाव मिळाले. मागणी ही आभाळातून पडत नाही. पुरवठाही तिला घडवीत असतो, हे आम्ही बी.ए.च्या वर्गात शिकवितो आणि बाहेर पडताच विसरतो. त्या कौलाचा पडताळा घेण्याचे प्रसंग आले आहेत. २०१३ मध्ये लाराची घडण बदलण्यात आली; ती थकणारी, जखमी होणारी, अंगभर कपडे घातलेली तरुणी झाली, आणि तो खेळ त्या मालिकेतील सर्वाधिक खपाचा ठरला. २०१७ च्या ‘होरायझन झीरो डॉन’ची नायिका एलॉय हिचे सारे आकर्षण तिच्या धनुष्यात आणि जिज्ञासेत आहे; २०२१ अखेर त्या खेळाच्या दोन कोटींहून अधिक प्रती खपल्या होत्या. देह दाखविल्यावाचून माल खपत नाही, हा सिद्धांत वहीनेच खोटा पाडला.

हा प्रश्न दूरदेशीचा नाही. तो पुण्याच्या दारात येऊन उभा राहिला आहे, आणि त्याची दोन उदाहरणे एकमेकांशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

पहिले फराहचे. मेक्नरच्या त्याच राजपुत्राची कथा २००३ मध्ये ‘सँड्स ऑफ टाइम’ या नावाने युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने नव्याने सादर केली. तीतील फराह ही हिंदुस्थानातील एका महाराजाची मुलगी. राजपुत्राचे सैन्य तिच्या पित्याचा राजवाडा लुटते आणि तिला दुसऱ्या एका सुलतानास नजर करावयाची भेटवस्तू म्हणून बरोबर घेऊन जाते. पुढे ती धनुष्य घेऊन राजपुत्राच्या खांद्याला खांदा लावून लढते, टोमणे मारते, त्याला जाता येत नाही अशा फटींतून पलीकडे जाऊन मार्ग उघडते. तिच्या लहानपणीचा गुप्त शब्द ‘काकोलूकीयम्’ आहे, जे आपल्या पंचतंत्रातील तिसऱ्या तंत्राचे नाव. मेक्नरच्या मूक राजकन्येपासून ही मजल मोठीच. परंतु सूत्रे खेळणाऱ्याच्या हाती राहतात ती राजपुत्राचीच. शेवटी काळ मागे फिरविला जातो आणि तिने जे केले ते तिलाच आठवत नाही. आठवण राहते ती त्याला. गोष्ट सांगतो तोही तोच. सप्टेंबर २०२० मध्ये या खेळाची नवी आवृत्ती पुण्यातील व मुंबईतील शाखा करणार असल्याचे कंपनीने जाहीर केले होते. हिंदुस्थानच्या राजकन्येला हिंदुस्थानी कलावंतांच्या हातून दुसरा जन्म मिळण्याची ती संधी होती. मे २०२२ मध्ये काम माँट्रियलकडे वळविण्यात आले.

दुसरे उदाहरण राजीचे. ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केला. लोकवर्गणीतून भांडवल उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. पुढे परदेशी प्रकाशक मिळाला, आणि त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील सर्वोत्कृष्ट खेळाच्या पारितोषिकासाठी त्याचे नामांकन झाले. संस्थापकांत श्रुती घोष ही एक स्त्री आहे, हे मुद्दाम नमूद करावयास हवे. राजी ही सर्कशीत कसरती करणारी पोर. राक्षस तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवितात आणि ती त्याला सोडवावयास निघते. राखी बांधून रक्षणाची अपेक्षा करणाऱ्या बहिणीची आपली रूढ प्रतिमा येथे उलटी झाली आहे. तिला प्रियकर नाही, तिच्या देहाची नुमाईश नाही. तिच्या कोलांट्या, भिंतीवर चढणे, दोरावरचा तोल हेच तिचे सौंदर्य. आठवडे बाजारात डोंबाऱ्याच्या पोरीला दोरावरून चालताना पाहून आपण चार आणे टाकून पुढे गेलो असू; ती पोर कथेची नायिका होऊ शकते, हे कोणाला सुचले होते? विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये देशी सर्कस उभी केली तेव्हा त्यांच्या पत्नी आवडाबाई स्वतः खेळात उतरत. म्हणजे तारेवरची स्त्री महाराष्ट्राला अपरिचित नव्हती. तिला केवळ विसरण्यात आले होते.

तरीही राजीविषयी एक शंका मनात राहते. तिला शस्त्र मिळते ते दुर्गेकडून. तिची कथा सांगतात दुर्गा आणि विष्णू. देवतेने निवडल्यावाचून साध्या मुलीने लढू नये, असा तर याचा अर्थ नाही ना? आपल्या कल्पनाशक्तीला स्त्री देवी म्हणून चालते, वीरमाता म्हणून चालते, अबला म्हणून तर फारच चालते; पण गोदामाच्या किल्ल्या सांभाळणारी, एसटीची वाहक, पिकाचा भाव ठरविताना अडून बसणारी बाई कथेच्या मध्यभागी आली की तिचे काय करावे हे सुचत नाही. पुरुषाला मात्र साधा नळकारागीर असूनही नायक होता येते. मारिओ आणखी कोण होता?

आता खेळणाऱ्यांकडे वळू. शिरगावात गुरुवारी प्रतिशिर्डीच्या दर्शनाला लोटणाऱ्या गर्दीत, किंवा सोमाटणे फाट्यावर बसची वाट पाहताना, मोबाइल आडवा धरून खेळणारी मुले पदोपदी दिसतात, मुली क्वचित. मुलींना खेळ आवडत नाहीत असा निष्कर्ष यातून काढणे घाईचे होईल. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता, आणि कधी ना कधी इंटरनेट वापरलेले पुरुष ५७ टक्के तर स्त्रिया ३३ टक्के होत्या. घरात मोबाइल एक असेल तर संध्याकाळी तो कोणाच्या हाती असतो, हे सांगावयास पाहणीची गरज नाही. शिवाय हाती आला तरी वेळ कोठे आहे? माझ्या वर्गातील काही विद्यार्थिनी खेळतात, पण मुलाचे नाव घेऊन आणि आवाज बंद ठेवून. कारण बोललो की पलीकडून जे ऐकू येते ते घरी सांगण्याजोगे नसते, असे त्यांनीच मला सांगितले. पडद्यावरील स्त्री पाहण्याची वस्तू असली की पलीकडे बसलेल्या स्त्रीलाही तोच भाव लागतो.

यावर खेळांवर बंदी घाला किंवा एखादे परीक्षण मंडळ नेमा, अशी सूचना येतेच. चित्रपटांबाबतचा अनुभव पाहता, तो मार्ग देह झाकण्यापलीकडे फारसा जात नाही. आणि झाकलेली राजकन्याही कोंडलेलीच राहते. फरक पडेल तो खेळ बनविणाऱ्यांच्या टेबलाशी कोण बसले आहे यावर. तेथे आता सार्वजनिक पैशाचा संबंध आला आहे. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन, दृश्यपरिणाम, गेमिंग आणि कॉमिक्स या उद्योगांसाठीच्या धोरणास मंजुरी दिली. २०५० पर्यंतचा तो आराखडा सुमारे ३,२६८ कोटी रुपयांचा आहे. अनुदान म्हणजे करदात्यांचा पैसा, आणि करदात्यांत स्त्रियाही आहेत. ज्या संस्था तो पैसा घेतील त्यांनी चित्रकार, लेखक आणि संहिताकार म्हणून किती स्त्रिया नेमल्या, हे दरवर्षी जाहीर करावे, एवढी अट घालणे जड जाऊ नये. प्रशिक्षणाच्या जागांपैकी ठराविक वाटा मुलींचा असावा. आणि वर्गांच्या वेळा ठरविताना ते पुण्यात रात्री आठला सुटणार असतील, तर शिरगावच्या मुलीच्या घरी प्रवेश अर्जाचे काय होईल, याचा विचार वेळापत्रक छापण्यापूर्वी व्हावा.