टेलच्या शेतापर्यंत पाणी

माणूस मुळात स्वार्थी आहे असे म्हणणाऱ्याला पुरावा शोधायला लांब जावे लागत नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक कालव्यांवर तो सापडतो. धरणाजवळचा, म्हणजे ‘हेड’चा शेतकरी उसाला शेत तुडुंब भरेपर्यंत पाणी देतो, मध्ये कुणी चारी फोडतो, कुणी रात्री मोटार टाकतो, आणि शेवटच्या टोकाच्या, म्हणजे ‘टेल’च्या शेतकऱ्याच्या चारीत आवर्तन संपेपर्यंत गवतच उभे असते. हेडच्या माणसाच्या जागी उभे राहून पाहिले तर त्याचे वागणे समजतेही. आपण पाणी पुढे सोडले तरी ते टेलपर्यंत पोचेल याची त्याला खात्री नसते. वाटेत दुसराच कुणी ते उचलणार असेल तर आपण का सोडावे? अमेरिकी अभ्यासक गॅरेट हार्डिन यांनी 1968 मध्ये हाच विचार सामायिक गायरानाचे उदाहरण देऊन मांडला. प्रत्येक गुराखी आपले एक जनावर वाढवत जातो आणि शेवटी गायरान उजाड होते. यातून सुटका हवी तर एक तर सरकारने दंडुका उगारावा, नाही तर कुरण वाटून खासगी करावे, असे त्यांचे म्हणणे जगभर स्वीकारले गेले. नाशिक जिल्ह्याने मात्र त्याच्या कितीतरी आधी तिसरी वाट चालून दाखवली होती.

बागलाण, मालेगाव आणि शेजारच्या धुळे भागात मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर फड पद्धत काही शतके चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे तुकडे. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे: एका फडात बारमाही ऊस, बाकीच्यांत हंगामी पिके, आणि दर वर्षी पिकांची अदलाबदल. पुष्कळ शेतकऱ्यांची जमीन वेगवेगळ्या फडांत विखुरलेली असे, म्हणून एकाच फडाचे लाड करण्यात कुणाचा फायदा नव्हता. या रचनेतली मला सर्वांत शहाणपणाची वाटणारी गोष्ट म्हणजे मालकाने आपल्या शेताला स्वतः पाणी द्यायचे नाही. ते काम पाटकऱ्याचे. पिकाची राखण जागल्याने करायची, देखरेख हवालदाराने, आणि तंटा झाला तर पंचांनी बसून मिटवायचा. हंगामाआधी पाटातला गाळ सगळ्यांनी मिळून काढायचा. पाऊस कमी झाला की भिजवायचे फड कमी व्हायचे, म्हणजे टंचाईही वाटून घेतली जायची. ही माणसे इतरांपेक्षा अधिक सज्जन होती असे मानायचे कारण नाही. शेजाऱ्याचा विचार करणारा माणूस इथे नुकसानीत जात नव्हता, एवढी काळजी या पद्धतीने घेतली होती.

मला हा मुद्दा कळीचा वाटतो, आणि प्रयोगांतूनही तो पुढे आला आहे. अर्न्स्ट फेर आणि सायमन गॅख्टर या अर्थशास्त्रज्ञांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही माणसांना थोडे पैसे दिले आणि त्यातले हवे तेवढे सामायिक निधीत टाकायला सांगितले. निधी वाढून सगळ्यांत सारखा वाटला जाई. काहीच न टाकणाऱ्यालाही वाटा मिळे. अशा खेळांत लोक सुरुवातीला बऱ्यापैकी पैसे टाकतात. मग फुकट वाटा घेणारे दिसू लागले की एकेकाचा हात आखडतो आणि शेवटी निधी आटतो. पण स्वतःच्या खिशाला थोडी खार लावून फुकट्याला दंड करायची सोय दिली, तेव्हा योगदान टिकले आणि वाढलेही. बहुतेक माणसे इतरांसाठी झीज सोसायला तयार असतात; बाकीचेही सोसत आहेत हे मात्र त्यांना दिसावे लागते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी स्पेनचे कालवे, स्वित्झर्लंडची कुरणे, जपानची गावराने अभ्यासून हेच दाखवले: लोकांनी स्वतः केलेले नियम, स्वतः ठेवलेली राखण आणि जेवढी चूक तेवढाच दंड असेल तर सामायिक संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. त्यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

हे जुन्या काळातच शक्य होते, आज माणूस बदलला, असे कुणी म्हणेल. त्याने ओझरकडे पाहावे. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाच्या कालव्याच्या टेलला ओझर येते आणि धरण झाल्यावरही तिथल्या शेतांना पुरेसे पाणी मिळत नव्हते. बापूसाहेब उपाध्ये, भरत कावळे आणि समाज परिवर्तन केंद्राच्या कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांना एकत्र आणले. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बाणगंगा, महात्मा फुले आणि जय योगेश्वर या पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. आधी पाणीपट्टी पीक आणि क्षेत्र पाहून आकारली जाई, त्यामुळे पाणी वाचवणाऱ्याला काहीच मिळत नसे. आता संस्थेला पाणी मोजून, घनमापन पद्धतीने मिळू लागले. आत ते कुणाला किती द्यायचे हे सभासद ठरवू लागले. पुढे हेडच्या गावांनीही संस्था काढल्या, आणि अख्ख्या प्रकल्पाचे पाणी शेतकऱ्यांच्याच हाती आलेला वाघाड हा राज्यातला पहिला प्रकल्प ठरला. सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाचा कायदा राज्याने 2005 मध्ये केला. ओझरची सुरुवात त्याच्या दशकभराहून आधीची.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. ही सगळी हिशेबाची सोय झाली, यात दुसऱ्याविषयीची कळकळ कुठे आहे? माझ्या मते कळकळ आणि हिशेब यांना असे वेगळे काढता येत नाही. संस्था उभी करायला कुणीतरी वर्षानुवर्षे बैठका घ्याव्या लागतात, शिव्या खाव्या लागतात, आणि त्याच्या वाट्याला येणारे पाणी इतरांइतकेच असते. ती माणसे हिशेबाने पुढे आली नाहीत. पण त्यांच्या मागे येणाऱ्या शेकडो सामान्य माणसांकडून तेवढ्या त्यागाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. त्यांना नियमाचा आधार द्यावाच लागतो.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. फडात आणि पाणी वापर संस्थेतही माणूस मोजला जातो तो जमिनीमुळे. ज्याच्या नावावर सातबारा नाही तो शेतमजूर आणि शेतात राबणाऱ्या बहुसंख्य बाया या वाटपात येतच नाहीत. एकमेकांची काळजी घेणारा गट बाहेरच्यांबाबत निष्ठुर असू शकतो. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी सुरू केलेल्या पाणी पंचायतीने हे ओळखले होते. तिथे पाण्याचा हक्क जमिनीच्या नव्हे, कुटुंबातल्या माणसांच्या हिशेबाने ठरला, भूमिहीनांनाही तो दिला गेला आणि उसाला मनाई झाली. नाशिकच्या संस्थांनी हे पाऊल अजून टाकायचे आहे.

बाहेरच्यांचा हाच प्रश्न गोदावरीवर आणखी मोठा होतो. ओझर वाघाडच्या टेलला आहे, पण खाली पैठणजवळच्या जायकवाडी धरणाच्या हिशेबात नाशिक जिल्ह्याचा गोदावरी खोऱ्यातला भाग हेडला येतो. ऑक्टोबरच्या मध्यात जायकवाडीचा साठा 65 टक्क्यांखाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे, असा आदेश जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने 2014 मध्ये दिला. 2023 च्या ऑक्टोबरअखेरीस नाशिक आणि नगरच्या धरणांतून 8.6 टीएमसी सोडायचा आदेश निघाला, तेव्हा दोन्ही जिल्ह्यांत विरोध झाला. कोरड्या पात्रात पाणी मुरते, खाली ऊसच पिकतो, हे नाशिककरांचे म्हणणे खोटे नाही. पण वर द्राक्षबागा आणि साखर कारखाने आहेत, हेही खोटे नाही. इथे नियम आहे, पण तो वरून आलेला आहे, आणि तो पाळला जातो की नाही हे पैठणचा आणि दिंडोरीचा शेतकरी एकत्र बसून पाहू शकत नाहीत. म्हणून दोघांनाही समोरचा फसवतो आहे असे वाटते. ओझरने दिलेला धडा इथे लागू पडतो. नाशिकच्या पाणी वापर संस्थांनी जायकवाडीच्या कालव्यावरच्या संस्थांना बोलवावे, सोडलेले पाणी कुठे किती पोचते ते दोघांनी मिळून मोजावे, आणि तुटीच्या वर्षात दोन्हीकडे ऊस किती असावा हे ठरवावे. ही बैठक पुढचा दुष्काळ येण्याआधी, धरणे भरलेली असतानाच घ्यायला हवी.