हूव्हरमधला आठवडा (लेखांक ६)

गेल्या लेखांकात कॉलेज बेसबॉलचा आठवड्याचा रतीब पाहिला: शुक्रवार, शनिवार, रविवार, त्याच दोन संघांत तीन सामने आणि शुक्रवारी संघाचा हुकमी पिचर. मे महिना संपत आला की ही घडी मोडते. साउथईस्टर्न कॉन्फरन्सचे, म्हणजे एसईसीचे, संघ आपल्या कॉन्फरन्सच्या स्पर्धेसाठी अलाबामातल्या हूव्हरला जमतात. बर्मिंगहॅमला खेटून असलेलं हे उपनगर. १९९८ पासून, कोरोनाचं २०२० साल वगळता, ही स्पर्धा इथून हललेली नाही. बास्केटबॉल सोडून आलेला मायकेल जॉर्डन १९९४ मध्ये बर्मिंगहॅम बॅरन्सकडून खेळला, तेच या स्पर्धेचं मैदान.

आता खरा गुंता. इथे जिंकून मिळतं काय? करंडक, आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या ६४ संघांत थेट जागा. पण एसईसीतल्या बलाढ्य संघांची जागा हंगामातल्या कामगिरीवरच पक्की असते; २०२५ मध्ये या एका कॉन्फरन्सचे १३ संघ त्या ६४ मध्ये होते. म्हणजे थेट जागेचं आमिष त्यांना नाहीच. आणि राष्ट्रीय स्पर्धेची पहिली फेरी लगेच पुढच्या शुक्रवारी सुरू होते.

कोचच्या जागी बसून पाहा. तुमच्या शुक्रवारच्या पिचरने नव्वद-शंभर चेंडू टाकले की खांदा पूर्ववत व्हायला आठवडा लागतो. त्याला हूव्हरला वापरायचा, की राखायचा? आपल्याकडे मोठ्या मालिकेआधी वेगवान गोलंदाजाला विश्रांती दिली की चहाच्या टपरीवर जी चर्चा होते, तीच तिथेही होते. फरक इतकाच की ते चाहते अर्ध्या देशातून गाडी हाकत आलेले असतात, आणि राखून ठेवलेला पिचर पाहून त्यांचा चेहरा पडतो.

पूर्वी हे गणित आणखी अवघड होतं. मधल्या फेऱ्यांत दोनदा हरल्याशिवाय संघ बाहेर जात नसे, त्यामुळे सामने वाढत आणि पिचर संपत. त्यात अलाबामाच्या उन्हाळ्यातला दुपारचा गडगडाट. २०१९ मध्ये मिसिसिपी स्टेटने एलएसयूला ६-५ हरवलं ते १७व्या इनिंगमध्ये, पहाटेचे तीन वाजून गेल्यावर. नऊ इनिंगच्या खेळात जवळजवळ दोन सामने एका रात्रीत! टेक्सास आणि ओक्लाहोमा आल्यावर संघ सोळा झाले आणि २०२५ पासून सरळ बाद पद्धत आली: एक हार आणि घरी. पहिले चार मानांकित तर थेट उपांत्यपूर्व फेरीतच उतरतात. मला ही पद्धत पटते, पण पहाटे तीनचा तो वेडेपणा गेला याची हुरहुरही आहे.

करंडकाचा पुढच्या यशाशी संबंध किती? २०२४ मध्ये टेनेसीने हूव्हर जिंकलं आणि मग राष्ट्रीय स्पर्धेची अंतिम फेरी जिथे होते त्या ओमाहातलं विजेतेपदही. २०२५ मध्ये व्हँडरबिल्टने अंतिम सामन्यात ओल मिसला ३-२ हरवलं, राष्ट्रीय स्पर्धेत पहिलं मानांकन मिळवलं, आणि घरच्याच मैदानावर पहिल्या फेरीत गारद झालं. उपांत्य फेरीत हरलेलं एलएसयू राष्ट्रीय विजेतं ठरलं. ओल मिसची २०२२ ची कथा तर याहून गमतीची: हूव्हरला पहिलाच सामना हरले, ६४ मध्ये कसेबसे शेवटी घुसले आणि ओमाहा जिंकून आले.

लहान कॉन्फरन्समध्ये मात्र असले लाड नाहीत. तिथे बहुतेकदा एकच संघ पुढे जातो, तो स्पर्धा जिंकलेला. २००८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या फ्रेस्नो स्टेटने आपली वेस्टर्न ॲथलेटिक कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकली, म्हणूनच राष्ट्रीय स्पर्धेचं दार उघडलं. मानांकन चार संघांच्या गटात चौथं, म्हणजे शेवटचं. मुख्य पिचर टॅनर शेपर्स खांद्याच्या दुखापतीने बाहेर. राखून ठेवायला तो नव्हताच. हा संघ ओमाहाच्या अंतिम फेरीत पोचला. समोर एसईसीचा त्या हंगामातला अव्वल संघ जॉर्जिया. निर्णायक तिसरा सामना फ्रेस्नोने ६-१ जिंकला, आणि सहाच्या सहा धावा अंगठ्याचा स्नायुबंध फाटलेल्या स्टीव्ह डेटवायलरच्या बॅटमधून आल्या.