डाव्या पायाची नाडी

"नाव आणि जन्मतारीख सांगा."

भाचीनं हे इतक्या परक्या आवाजात विचारलं की मला हसूच आलं. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये तिच्या घरी हॉलमधल्या सोफ्यावर मला उताणं झोपवलेलं. तिच्या गळ्यात स्टेथोस्कोप, हातात टॉर्च, आणि शेजारी पाच वर्षांचा नातू आईचा हा नवा खेळ बघत उभा. "कुठली सांगू? शाळेतली की खरी?" मी म्हटलं. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांचा वाढदिवस गुरुजींनी 1 जूनलाच लावून टाकलाय. ती हसली नाही. "मनगटाच्या पट्टीवर असेल ती. आणि मावशी, मधे मधे बोलू नकोस. उद्या हे बाईंसमोर करून दाखवायचंय. जे तोंडानं म्हटलं नाही ते केलंच नाही असं धरतात."

मग पाऊण तास ती मला वरून खाली तपासत गेली. बुबुळांवर टॉर्च, मानेच्या शिरा, छातीतला श्वास पुढून आणि पाठीकडून. पोटावर आधी स्टेथोस्कोप, हात नंतर, कारण आधी दाबलं तर आतड्यांचे आवाज बदलतात. नडगीवर अंगठा दाबून सूज पाहिली. शेवटी पाय. पावलाच्या वरच्या बाजूला दोन बोटं ठेवून नाडी शोधायची असते. उजव्या पायाची लगेच लागली. डाव्याची काही केल्या लागेना. बोटं जरा इकडे, जरा तिकडे, दाब थोडा कमी. आमच्याकडे लहानांनी मोठ्यांच्या पायाला हात लावायचा तो क्षणभर, आणि मोठ्यांनी लगेच 'असू दे, असू दे' म्हणायचं. ही चार-पाच मिनिटं माझं भेगाळलेलं पाऊल धरून डोळे मिटून बसली होती. सवयीनं मी 'असू दे' म्हणालेसुद्धा. "असू दे कसं? पायात रक्त पोचतंय की नाही ते कळायला नको?" अखेर सापडली. तिनं खिशातलं पेन काढून तिथं बारीकशी फुली मारली. पुढच्या पाळीच्या नर्सला पुन्हा शोधत बसायला लागू नये म्हणून तशी पद्धत आहे. ती फुली माझ्या दोन आंघोळींना पुरून उरली.

माझ्या ताईचे, म्हणजे भाचीच्या आईचे, तिथल्या मुक्कामाचे सहा महिने संपले म्हणून माझे सुरू झाले होते. न्यू जर्सीत मराठी आया-मावश्यांची अशी पाळी पूर्वी बाळंतपणासाठी लागायची. आमची लागली ती भाचीच्या नर्सिंगसाठी. ती सांगलीची, ई अँड टीसीची इंजिनिअर. पुण्यात चार वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग, मग लग्न, मग नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळणारा एच-फोर व्हिसा. मुलगा झाला तेव्हा तिथल्या हॉस्पिटलच्या खोलीत भिंतीवर पांढरा फळा होता आणि दर पाळीची नर्स येऊन त्यावर आपलं नाव लिहायची. रात्रपाळीच्या बाईनं हिला दोन तास बसून बाळाला पाजायला शिकवलं. "आपल्याकडे आजोबा महिनाभर अॅडमिट होते, आठवतंय? एका तरी सिस्टरचं नाव आपण विचारलं होतं?" तिनं मला विचारलं. नव्हतं विचारलं.

इंजिनिअर होऊन बेडपॅन उचलणार का, हे घरात कोण म्हणालं ते मी सांगणार नाही, पण मनात ते माझ्याही आलं होतं. रमाबाई रानड्यांचं पुण्याचं सेवासदन 1909 सालचं. तिथून बायका ससूनमध्ये नर्सिंग शिकायला जाऊ लागल्या त्यालाही शतक लोटलं. तरी ताई सांगलीच्या सोसायटीत सांगायची, "मेडिकलचा कोर्स करतेय."

आपल्याकडे पदवीधराला नर्सिंगची पदवी घ्यायची तर बारावीच्या पोरींबरोबर बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षं पहिल्यापासून काढायची, आणि बारावीला बायॉलॉजी नसेल तर तेही दार बंद. अमेरिकेत दुसऱ्या पदवीचा जलद रस्ता आहे. सेंट लुईस विद्यापीठानं 1971 मध्ये तो पहिल्यांदा सुरू केला. हातात कुठलीही पदवी असली तर साधारण 11 ते 18 महिन्यांत नर्सिंगची पदवी. भाचीच्या निवडीच्या वेळी, आधीच्या खेपेला, मी तिथंच होते. एका कॉलेजचा समुपदेशक दिवसाआड फोन करायचा. पोळ्या लाटता लाटता मी स्पीकरवर ऐकायचे. त्याचं एकच पालुपद : सोळा महिने. फक्त सोळा महिने. हिंजवडीतल्या फ्लॅटचे फोन येतात, अगदी तोच सूर.

त्याच्या आग्रहावरून एका शनिवारी आम्ही बघायला गेलो. कॉलेज म्हणजे ऑफिसांच्या इमारतीतला एक मजला. थिअरी ऑनलाइन, प्रात्यक्षिक तिथं. आठ खाटा, खाटांवर रबरी पेशंट. ते डोळे मिचकावतात, खोकतात, छाती वरखाली होते. समुपदेशक मुलानं एका पुतळ्याच्या पावलावर माझी बोटं ठेवली. नाडी टकटक लागत होती, जिथं असायला हवी नेमकी तिथंच. मी चकितच झाले. भाचीनं मात्र तीन प्रश्न काढले. प्रत्यक्ष पेशंटवरचं काम कुठल्या हॉस्पिटलांत? लायसनच्या परीक्षेत पहिल्याच फटक्यात किती जण पास होतात? आणि आत आलेल्या शंभरांतले किती शेवटपर्यंत टिकतात? पहिल्या दोन्हींची उत्तरं तोंडावर होती. तिसऱ्याला तो म्हणाला, ईमेल करतो. ती ईमेल आली नाही, आणि ते कॉलेज आमच्या यादीतून गेलं. जे वाचक आपल्या मुलीसुनेसाठी असा कोर्स शोधत असतील त्यांनी तिसरा प्रश्न आधी विचारावा. अॅक्रेडिटेशन आहे की नाही हे तर विचारण्याच्याही आधी पाहावं.

माझं मत विचाराल तर तिनं काउंटी कॉलेजचा दोन वर्षांचा असोसिएट डिग्रीचा रस्ता धरायला हवा होता. फी कितीतरी कमी, आणि लायसनची परीक्षा तीच. मी तसं म्हटलंही. पण तिथं प्रतीक्षायादी होती, आणि बऱ्याच मोठ्या हॉस्पिटलांना बॅचलर्स लागते. शेवटी तिनं जवळच्या एका विद्यापीठाचा कोर्स घेतला. तोही सोळा महिन्यांचाच. पैसे घरातले. एच-फोरवर शिकायला मुभा असते, सरकारी कर्ज मिळत नाही. गरजूंसाठी जी पेल ग्रँट असते ती तर आधीची पदवी असणाऱ्या अमेरिकन नागरिकालाही मिळत नाही.

आणि ते सोळा महिने सुरू व्हायच्या आधीचं काय? पदवीची कागदपत्रं विद्यापीठातून मागवून तपासून घ्यायची. त्यातच चार महिने गेले. अॅनाटॉमी-फिजिऑलॉजी एक आणि दोन, मायक्रोबायॉलॉजी, केमिस्ट्री, न्यूट्रिशन, मानवी वाढीचं मानसशास्त्र, स्टॅटिस्टिक्स. बरीच कॉलेजं जुने सायन्सचे विषय धरत नाहीत, त्यांची मुदत संपते. इंजिनिअरिंगच्या गणितात, एम-थ्रीत, हिनं दोन प्रयत्न घालवले होते, तेही स्टॅटिस्टिक्सच्या बदल्यात चाललं नाही. दीड वर्ष संध्याकाळी काउंटी कॉलेज. मग टीज नावाची प्रवेशपरीक्षा, 209 मिनिटांत 170 प्रश्न. मग लसींचे दाखले, पोलिसतपास, सीपीआर. क्षयाची तपासणी करताना हाताला कोपराखाली आतल्या बाजूला टोचलेली जागा टरारून फुगली. दंडावर लहानपणीच्या बीसीजीचा वण होताच. त्या लशीमुळे कातडीवरची टेस्ट फसू शकते म्हणून वेगळी रक्ततपासणी करावी लागली.

शिकवणीपेक्षा मला आठवतं ते जेवणाचं टेबल. मी वरण-भात काढून ठेवला की ती ताट बाजूला सारून तिथं निळं निर्जंतुक कापड पसरायची. हातमोजे असे चढवायचे की बाहेरच्या बाजूला उघडं बोट लागता कामा नये. लागलं की जोडी फेकायची आणि पहिल्यापासून. संत्र्यांना सलाईनची इंजेक्शनं. ती संत्री कुणी खायची नाहीत म्हणून मी वेगळ्या टोपलीत ठेवायची, आणि नातू नेमकी तीच मागायचा.

औषधांच्या गणिताची वेगळी परीक्षा असते. नव्वदच्या खाली नापास. 1000 मिलिलिटर सलाईन आठ तासांत द्यायचं, एका मिलिलिटरला पंधरा थेंब, तर मिनिटाला किती? मी पावकी-निमकी पाठ केलेली बाई. तिनं कॅल्क्युलेटर उघडेपर्यंत "सव्वाएकतीस" म्हणून मोकळी झाले. "चूक. पाव थेंब कसा पाडशील? एकतीस." अर्धा मिलिग्रॅम लिहिताना ठिपक्याआधी शून्य हवंच. नुसतं .5 लिहिलं आणि ठिपका पुसट उमटला तर 5 वाचलं जातं, म्हणजे डोस दसपट. उलट 5 लिहिताना पुढे ठिपका-शून्य कधीच नाही, कारण ते 50 होतं. इंजिनिअर असल्यानं हे तिला सोपं गेलं. अवघड गेले ते साधे दिसणारे प्रश्न. चार पेशंट आहेत, चौघांसाठी काय करायचं ते तुला येतं, आधी कुणाकडे जाशील? "मावशी, चारही उत्तरं बरोबर असतात गं!" रात्री अकराला तिनं पुस्तक आपटलं. "आम्हाला चारांतलं एक बरोबर शोधायला शिकवलं. इथं चारही बरोबरच आणि एक आधी."

तिच्या गटात शाळेत बँड शिकवणारे पन्नाशीचे एक गृहस्थ होते. बायको गेल्यावर नर्स व्हायचं ठरवलेलं. एकदा घरी आले, माझ्या हातचं थालीपीठ तीन वेळा मागून घेतलं. पास व्हायला परीक्षांची सरासरी 77 लागायची. दुसऱ्या सत्रात त्यांची 76.8 झाली. ठिपक्यापुढचा आकडा धरत नाहीत, असा नियम. पेशंटच्या उशाशी या माणसाइतकं शांत कुणी बसत नाही, असं भाची सांगायची. पण तो विषय पुन्हा करायचा तर पुढच्या तुकडीपर्यंत थांबायचं, आणि पैसे पुन्हा. ते परत आले नाहीत. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला असं मिळालं. नर्स अर्धवट शिकलेली नसावी हे मलाही पटतं. माझ्या उशाशी कोण असावं, हे मात्र मी 76.8 वरून ठरवणार नाही.

क्लिनिकलच्या दिवशी ती पहाटे साडेचारला उठायची. पावणेसातला वॉर्डात हजर, बारा तास. संध्याकाळी गॅरेजमध्येच बूट पुसून प्लास्टिकच्या डब्यात, कपडे थेट मशीनमध्ये, मग घरात. आम्हाला सोवळं-ओवळं शिकवणाऱ्या आजीला हे फार आवडलं असतं. तरी सॅनिटायझरचा वास तिच्या हातांना राहायचाच, आणि त्याखाली आणखी काहीतरी, ओलसर. आज काय झालं विचारलं तर फार सांगायची नाही. पेशंटची माहिती बाहेर न्यायची नाही, असा तिथं 1996 पासून कायदा आहे. कधी एवढंच, "एक आजोबा होते." एकदा तिनं दाराशीच मला मिठी मारली आणि म्हणाली, "आज मी पहिल्यांदा गेलेल्या माणसाला अंघोळ घातली. त्याच्याशी बोलत बोलत घातली, बाईंनी तसंच सांगितलं होतं." मग आत जाऊन मुलाचा गृहपाठ घेतला. बेडपॅनचा विचार माझ्या मनातून गेला तो त्या संध्याकाळी.

माझे सहा महिने संपले, मी साताऱ्याला परतले. शेवटचं सत्र तिच्या सासूबाईंनी सांभाळलं. सोळा महिन्यांच्या त्या कोर्सला कागदपत्रांपासून लायसनपर्यंत तीन वर्षं आणि काही महिने लागले, आणि आम्हा तिघी म्हाताऱ्यांचे मिळून जे महिने गेले ते कुठल्याच माहितीपत्रकात नाहीत.

लायसनची परीक्षा, एनक्लेक्स, कॉम्प्युटरवर असते. उत्तर बघून यंत्र पुढचा प्रश्न ठरवतं. कमीत कमी 85, जास्तीत जास्त 150, वेळ पाच तास. तिचं यंत्र 85 ला बंद पडलं. याचा अर्थ फार चांगलं किंवा फार वाईट. ती गाडीत बसून रडली आणि तिथूनच मला फोन केला, आमच्याकडे तेव्हा मध्यरात्र होती. दोन दिवसांनी निकाल कळला. आता ती हृदयरोग्यांच्या वॉर्डात रात्रपाळी करते, सात ते सात, आठवड्याला तीन रात्री, आणि फळ्यावर आपलं नाव लिहिते. ताई अजून 'मेडिकलला आहे' म्हणते.

मी कधीमधी रात्री पलंगावर बसून डाव्या पावलावर दोन बोटं ठेवून बघते. मला ती नाडी अजून सापडलेली नाही.