तसे झाले नसते, तर?

दहावीचा निकाल लागला की नांदेड जिल्ह्यातील कंधार, मुखेड, देगलूर या तालुक्यांतील कितीतरी पालक लातूरला खोली शोधायला निघतात. राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांनी रुजवलेला ‘लातूर पॅटर्न’, म्हणजे जादा तास, पुन्हापुन्हा चाचण्या आणि शिक्षकांचे बारीक लक्ष, एकेकाळी बारावीच्या गुणवत्ता यादीमुळे राज्यभर गाजला. समजा, मुखेडची एक मुलगी लातूरला गेली आणि वैद्यकीयला लागली. ती मुखेडलाच राहिली असती, तर? कदाचित लागली नसती. कदाचित लागलीही असती. लातूरला जाणारी मुले मुळातच अभ्यासू आणि घरचे पाठबळ असलेली असतात. त्यांच्या गुणांची तुलना गावी राहिलेल्या मुलांच्या गुणांशी केली, तर फरकातला किती वाटा पॅटर्नचा आणि किती मुलांचा, हे वेगळे काढता येत नाही. याचा अर्थ पॅटर्न निरुपयोगी आहे असा नव्हे. लातूरच्या शिक्षकांनी आमच्यावर रागावू नये! नुसत्या निकालावरून ते ठरत नाही, एवढेच.

सरकारी योजनांचेही असेच असते. योजनेच्या आधीचे आणि नंतरचे आकडे ताडून पाहावेत, तर मधल्या काळात पाऊस बरा झालेला असतो, रस्ता झालेला असतो, भाव बदललेले असतात. ‘योजना आलीच नसती तर’ हे जग कोणालाच दिसत नाही. मग त्याच्या जागी काय ठेवायचे? उपयोजित सूक्ष्म अर्थशास्त्राची एक मोठी शाखा याच प्रश्नावर उभी आहे.

एक उत्तर शेतीतून आले. खताची परीक्षा घेताना चांगली जमीन खताच्या वाट्याला जाऊ नये म्हणून कोणत्या वाफ्याला खत द्यायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवावे, असे रोनाल्ड फिशर यांनी १९२०च्या दशकात इंग्लंडमध्ये सांगितले. वाफ्यांच्या जागी गावे घेतली की झाले. ही पद्धत गरिबीच्या प्रश्नांना लावल्याबद्दल अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

असाच एक प्रयोग आपल्या राज्यात झाला आहे. संपूर्ण स्वच्छता अभियानात शौचालये बांधण्यासाठी गावाला प्रवृत्त केले, तर मुलांची उंची वाढते का? उंचीचा इथे काय संबंध, असे वाटेल. उघड्यावरच्या विष्ठेतील जंतू बाळाच्या पोटात वारंवार गेले की जुलाब होतात, आतड्याच्या अस्तराला सूज राहते आणि खाल्लेले अंगी लागत नाही. म्हणून उंची ही लहानपणच्या आरोग्याची नोंदवहीच असते. तेव्हाच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात ६० गावे घेऊन त्यांतील ३० गावांत चिठ्ठीने हे अभियान राबवले गेले. २००४ ते २००५ या काळात मुलांची मोजमापे झाली. जेफ्री हॅमर आणि डीन स्पीअर्स या अर्थशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले: अभियानाच्या गावांतील मुले सरासरीने उंच निघाली. चार वर्षांच्या मुलामागे हा फरक सुमारे १.३ सेंटिमीटर पडतो. विशेष म्हणजे ज्या घरांनी शौचालय बांधले नाही, त्या घरांतील मुलांनाही लाभ झाला. शेजाऱ्याच्या शौचालयाचा फायदा आपल्या बाळाला होतो. म्हणूनच चिठ्ठी घरांची न टाकता गावांची टाकावी लागते.

मात्र १.३ हा आकडा पक्का धरू नये. अभ्यासकांनी दिलेल्या मर्यादा चार वर्षांच्या वयाला लावल्या, तर खरा फरक दीड-दोन मिलिमीटरपासून अडीच सेंटिमीटरपर्यंत कुठेही असू शकतो.

आता नांदेडकडे येऊ. हा प्रयोग मुळात तीन जिल्ह्यांत व्हायचा होता: अहमदनगर, नांदेड आणि नंदुरबार. नांदेड व नंदुरबारमध्येही मुले मोजली गेली, पण प्रयोग झालाच नाही. म्हणजे जिल्ह्याच्या आत गावे चिठ्ठीने निवडली गेली, पण जिल्हा काही चिठ्ठीने निवडलेला नव्हता. योजना राबवण्याची ज्याची तयारी होती, तोच जिल्हा उरला. लातूरला जाणाऱ्या मुलीचीच ही गोष्ट झाली! तेव्हा अहमदनगरचे उत्तर नांदेडला तसेच लावणे धोक्याचे आहे. पुढे ओडिशा आणि मध्य प्रदेशातील चिठ्ठीच्याच प्रयोगांचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. तिथे शौचालये वाढली, तरी मुलांच्या आरोग्यात फरक आढळला नाही. पुष्कळ लोक उघड्यावरच जात राहिले होते.

‘मर्यादा’ म्हणजे काय, हे वर्गात करून पाहता येते. चाळीस मुलांची उंची मोजा. चिठ्ठ्या टाकून वीस-वीसचे दोन गट करा आणि दोन्हींची सरासरी काढा. कोणालाही काहीही दिलेले नाही, तरी सरासरीत फरक येईल. चिठ्ठ्या पुन्हा मिसळा. असे दहा वेळा करा आणि प्रत्येक वेळचा फरक फळ्यावर लिहा. १.३ सेंटिमीटरहून मोठा फरक किती वेळा आला ते मोजा. मग शेजारच्या तुकडीतील चाळीस मुले मिळवून ऐंशी जणांवर हाच खेळ करा आणि दोन्ही रकाने शेजारी शेजारी मांडा.