मालाडच्या खिडकीत वाळवंट!

दोस्ता, तुला एक तारीख सांगायची आहे. 23 जानेवारी 2022. वार रविवार.

तू तेव्हा खूप लहान असशील. म्हणून आईला विचार, नाहीतर शेजारच्या ताईला. कोरोनामुळे बंद पडलेल्या मुंबईच्या शाळा दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, पुन्हा उघडणार होत्या. आणि रविवारी खिडकीतून बघावं तर काय? समोरची इमारत धूसर! सूर्य फिक्कट, दुधाळ! दुपार झाली तरी अंगातला स्वेटर काढावासा वाटेना!

धुकं असेल, असंच पुष्कळांना वाटलं. मालाडला ते खरंही वाटावं. पश्चिमेला मार्वे आणि आक्साचा समुद्र, पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. हिवाळ्यात कधीमधी सकाळी धुकं दिसतंच की!

पण एक गोष्ट जुळेना. धुकं पडलं की खाली उभ्या असलेल्या गाडीच्या काचेवर बोट फिरवून बघ. बोट ओलं होतं. त्या रविवारी मुंबईत गाड्यांवरून बोट फिरवलं, तर ते ओलं नाही झालं. पांढरं झालं!

गाड्यांवर, खिडक्यांच्या गजांवर, कुंडीतल्या तुळशीच्या पानांवर बारीक धूळ बसली होती. मऊ, पिठासारखी.

आता ओळख पाहू, ही धूळ कुठली? मेट्रोच्या खोदकामाची? शेजारी पाडलेल्या इमारतीची? चूक! ती आली होती थेट पाकिस्तानातून! सिंध आणि बलुचिस्तानातल्या कोरड्या, वाळवंटी जमिनीवरून! आदल्या दिवशी कराचीत सोसाट्याचा वारा सुटला होता. त्या वाऱ्याने जमिनीवरची माती उचलली, अरबी समुद्रावर नेली, गुजरातच्या किनाऱ्यावर शिंपडली आणि उरलेली आपल्याकडे आणून टाकली. उपग्रहांनी वरून फोटो काढले, तर निळ्या समुद्रावर मातकट रंगाचा लांबच लांब पट्टा दिसत होता.

कराची ते मुंबई सरळ रेषेत मोजलं तर साधारण 900 किलोमीटर. ताशी 40 किलोमीटर वेगाने वारा वाहत राहिला, तर किती वेळ लागेल? कर बघू भागाकार! साडेबावीस तास. म्हणजे शनिवारी तिथे उडालेली धूळ रविवारी इथे. गणित कसं चपखल जुळलं, बघ!

थांब, याहून मोठी गंमत पुढेच आहे. माती तर जड असते. हातातून सोडली की खाली पडते. मग ती समुद्र ओलांडेपर्यंत पडली कशी नाही?

आई रवा चाळते तेव्हा नीट बघ. रव्याचे दाणे टपटप परातीत पडतात. आणि मैदा चाळला की? त्याचा पांढरा धूर उडतो आणि नाकात जातो! दाणा जितका बारीक, तितकं हवेला त्याला तोलून धरणं सोपं.

धुळीचंही तसंच. मोठे, जाडे कण वाटेतच खाली बसतात. लांब जातात ते चिमुकले कण. त्यांना मोजायला मिलिमीटरही फार मोठा पडतो! एका मिलिमीटरचे हजार भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. तुझ्या डोक्यावरचा एक केस साधारण 50 ते 70 मायक्रॉन जाड असतो. आणि हे कण दहा मायक्रॉनचे, अडीच मायक्रॉनचे. म्हणजे एका केसाच्या जाडीत अडीच मायक्रॉनचे वीसेक कण शेजारी शेजारी आरामात बसतील!

आता श्वास रोखून ऐक. असा अडीच मायक्रॉनचा मातीचा कण एक किलोमीटर उंचीवरून सोडला आणि हवा अगदी शांत असली, तर त्याला जमिनीवर पोचायला किती वेळ लागेल? एक मिनिट? एक तास? अंहं. जवळजवळ तीन आठवडे! तुझी दिवाळीची सुट्टी संपेल, तरी तो आपला खाली येतोच आहे! आणि खरी हवा तर कधीच इतकी शांत नसते. वर उचलणारा झोत आला की स्वारी पुन्हा वर. अशा कणाला अरबी समुद्र ओलांडणं काय अवघड?

पण मुळात हा वारा सुटला का?

त्यासाठी आपल्याला खूप लांब जायला हवं. युरोप आणि आफ्रिकेच्या मधे भूमध्य समुद्र आहे. हिवाळ्यात त्या बाजूला वादळं तयार होतात. जमिनीपासून दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे एक जबरदस्त वेगवान वारा वाहतो. विमानं उडतात ना, तितक्या उंचीवर. तो या वादळांना आपल्याबरोबर ओढत आणतो. इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असं करत ती थेट हिमालयाला येऊन थडकतात. बातम्यांमध्ये ‘पश्चिमी झंझावात’ असं ऐकलं असशील. तेच हे पाहुणे! हिवाळ्यात ते एकामागून एक येतच असतात.

अशा वादळाच्या पोटात हवेचा दाब कमी असतो. मधल्या सुट्टीनंतर वर्गात खिडकीजवळचा बाक रिकामा दिसला की काय होतं? सगळे तिकडे धावतात! हवाही तशीच कमी दाबाच्या जागेकडे धाव घेते. धावणारी हवा म्हणजेच वारा. तिच्या वाटेत कोरडी, उघडी जमीन आली की धूळ उडालीच म्हणून समज.

आणि बघ हं, देश केवढा मोठा आणि वाऱ्यांचा खेळ कसा एकच! त्याच दिवसांत काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडात बर्फ पडत होता. दिल्लीत पाऊस कोसळत होता. त्या जानेवारीत दिल्लीत 88.2 मिलिमीटर पाऊस झाला. 1901 सालापासून तिथे जानेवारीत एवढा पाऊस कधीच झाला नव्हता! कुणाच्या वाट्याला बर्फ, कुणाच्या वाट्याला पाऊस आणि आपल्या वाट्याला धूळ.

धुळीबरोबर गारठाही आला. एरवी जानेवारीतल्या दुपारी मुंबईत पारा 30 अंशांच्या आसपास असतो. त्या रविवारी तो जेमतेम 24 अंशांपर्यंत चढला. ढग आणि धूळ यांनी मिळून सूर्यासमोर पडदाच ओढला होता ना! शिवाय वारा वायव्येचा, गार.

एरवी आपल्याला समुद्र सांभाळतो. पाणी हळूहळू तापतं आणि हळूहळूच निवतं. त्यामुळे किनाऱ्यावर कडाक्याची थंडी सहसा पडत नाही. पण उत्तरेचा वारा जमिनीवरून जोरात आला की समुद्राचं काही चालत नाही. मालाडहून धीम्या लोकलने सहावं स्टेशन सांताक्रूझ. तिथल्या वेधशाळेत 22 जानेवारी 1962 ला तापमान किती उतरलं होतं, माहीत आहे? 7.4 अंश! मुंबईत! तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही.

अलीकडे, 17 जानेवारी 2020 ला, सांताक्रूझला 11.4 अंश होते. आणि त्याच दिवशी नाशिक जिल्ह्यात निफाडला? 2.4 अंश! तुमच्या फ्रिजमध्ये दूध ठेवता ना, त्याहूनही गार!

निफाड म्हणजे द्राक्षांचं गाव. एवढ्या थंडीत द्राक्षांचे मणी तडकतात. तडकलेला मणी कोण विकत घेणार? वर्षभराची मेहनत वाया जाते. म्हणून शेतकरीदादा पहाटेच्या अंधारात बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवतात. त्या माणसांसाठी नसतात बरं का, द्राक्षांसाठी असतात! आपण गोधडीत असतो तेव्हा कुणीतरी वेलींना ऊब देत जागत असतं. पुढच्या वेळी द्राक्षं खाताना हे नक्की आठव.

हिवाळा सरतानाही पश्चिमी झंझावाताचे हे पाहुणे कधी कधी फार नुकसान करतात. 2014 साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ आणि इतर भागांत गारपीट झाली. गहू, ज्वारी, द्राक्षं, डाळिंबं, सगळं झोडपून निघालं. झाडांवरचे पक्षीसुद्धा मेले. गारा वेचायला मजा येते खरी, पण शेतकऱ्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटवायचंही कुणाला सुचत नाही.

आता पुन्हा आपल्या धुळीकडे येऊ. मालाडात हवेतली धूळ मोजणारं यंत्र आहे, हे तुला ठाऊक होतं का? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचा ‘सफर’ नावाचा प्रकल्प आहे, त्यातलं ते एक. तसंच एक साधं यंत्र तूही घरी करू शकतोस किंवा करू शकतेस! जाड पांढऱ्या कागदाचा पोस्टकार्डाएवढा तुकडा घे. त्यावर व्हॅसलिनचा पातळ थर दे आणि एक दिवस तो खिडकीत ठेव. मग भिंगातून बघ, किती कण चिकटलेत ते. हिवाळ्यात दर रविवारी असं एक कार्ड कर, मागे तारीख लिही आणि वारा कुठून येत होता तेही लिही. वाऱ्याची दिशा कळायला गच्चीवर वाळत घातलेले कपडे कुठे उडतात ते बघितलं तरी पुरे.

आणि ज्या दिवशी कार्ड फारच मातकट दिसेल, त्या दिवशी खेळायला बाहेर जाऊ नकोस, जावंच लागलं तर नाकावर मास्क लाव. हे चिमुकले कण खोल फुप्फुसापर्यंत पोचतात. आणि हो, खिडकीबाहेर वाकू नकोस हं! कार्ड घरातल्या मोठ्या माणसाकडूनच लावून घे.